मालनबाईंची पंधरा मिनिटं

मालनबाई आमच्याकडे नऊ वर्षं धुणीभांडी करतात. शहागंजहून चालत येतात. डोक्यावरचा पदर माझ्यासमोरही कधी ढळत नाही. फक्त अकरा वाजता मागच्या कोठीत दार लावून बसल्या, की पंधरा मिनिटं त्यांची स्वतःची. भाकरी खातात, पदर खांद्यावर टाकतात, मिश्री लावतात आणि वारलेल्या लेकीशी, दीपमालाशी, बोलतात.

हे मला ठाऊक आहे, कारण कोठीत मीच कॅमेरा बसवला. मागचं दार तिथं उघडतं, आणि घरात तरणी मुलगी. मालनबाईंना सांगायचं राहून गेलं.

माझी तनुजा चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. प्रदर्शनासाठी तिनं कॉलेजात एक बंद दार उभं करून त्याला भोक पाडलं. डोळा लावला की आतल्या पडद्यावर आमची कोठी, त्या क्षणाची. शेजारी बटण. ते दाबलं की तिकडं घरी कॅमेरा टीं करून वाजायचा.

मी चिडले. ती म्हणाली, "तू रोज बघतेसच की, आई. मी फक्त रांग लावली."

मी डोळा लावला. मालनबाई मिश्री लावत होत्या. मागून एक पोरगी म्हणाली, "काकू, दाबा ना, लई भारी दचकते ती!"

मी दाबलं. मालनबाईंनी घाईनं पदर ओढला. मला हसू फुटलं. मी पुन्हा दाबलं.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "बाई, कोठीत कायतरी वाजतंय. मीटर बिघडला व्हय?"

"असेल. वायरमनला सांगते."

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी तनुजानं मला न विचारता त्यांना स्कूटीवर नेलं. "मावशी, चला, तुमच्यामुळंच पहिला नंबर आला!" मी रिक्षानं पोचले, तेव्हा त्या भिंतीपुढं उभ्या होत्या. बटण दाबणाऱ्यांचे चेहरे दुसरा कॅमेरा टिपत होता, हे मला तेव्हा कळलं. भिंतभर चेहरे. त्यात माझा, हसणारा.

"मीटर नव्हता तर," त्या म्हणाल्या. मग हळूच, "दीपमालाचं बी ऐकलं का समद्यांनी?"

"नाही हो. इथं आवाज नव्हता."

ते खरं होतं. आवाज फक्त माझ्या फोनवर यायचा. ते मी बोलले नाही.

कॅमेरा मी काढला, भिंतीतली स्क्रूची भोकंही दाखवली. "असू द्या," म्हणाल्या. अजून येतात, पण कोठीत पाऊल टाकत नाहीत. अकराला भाकरीचं फडकं तसंच काखेत घेऊन निघतात. दीपमालाशी आता कुठं बोलतात, ठाऊक नाही. घरी सून, नातवंडं, एकच खोली. चालता चालता, क्रांती चौकाच्या त्या गोंगाटात?

विचारायचं तोंड मला उरलेलं नाही.