पलंगावरचे सोडे

घरगुती खाण्याचे धंदे करणाऱ्या बायकांना हात द्यायचा, हे माझं काम. माल स्वच्छ कसा ठेवायचा, केसांना फडकं का बांधायचं, भाव काय लावायचा, पाकीट कसं दिसायला हवं, सगळं वर्गांमध्ये कानीकपाळी ओरडून सांगते, आणि ऐकलं नाही की माझं डोकं फिरतं. मांडव्याजवळच्या एका कोळीणबाईंनी मात्र ऐकलं. त्यांचे सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, मुंबईच्या दुकानदाराने परत पाठवले होते. दाताखाली वाळू येते म्हणे. फार विनवल्यावर तो आणखी एकदाच माल बघायला तयार झाला. बाईंनी अंगणात बांबूची उंच मांडणी बांधली, वर जाळी ताणली.

शेजारी राहणाऱ्या थोरल्या जाऊबाईंना ते काही रुचलं नाही. दोघींचं अंगण एकच. मांडणीने त्यांची जवळा ही बारीक मासळी सुकवायची जागा अडवली. ‘सोड्यांना पलंग केलान,’ असं त्या गावभर सांगत सुटल्या, आणि दोघींचं बोलणं तुटलं.

माल पाठवायच्या आदल्या दिवशी बाई आणि मी छापलेली पाकिटं आणायला मुंबईला गेलो. परतीच्या बोटीत, ऐन थंडीत, आभाळ भरून आलं. घरचे पुरुष समुद्रावर. जाऊबाईंना फोन लावा म्हटलं, तर बाई नाहीच म्हणाल्या. असा संताप आला मला! मांडव्याला उतरलो तेव्हा धो धो कोसळत होता. रिक्षाने घर गाठलं.

अंगणात मांडणी रिकामी. जमिनीवरचा जवळा चिखलात वाहून चाललेला. आणि जाऊबाईंच्या ओटीवर, धुतलेल्या चादरींवर, सगळे सोडे कोरडे ठणठणीत! शेजारी त्या स्वतः चिंब भिजून बसलेल्या, केसांना फडकं घट्ट बांधलेलं. माझ्या एकाही वर्गाला त्या कधी आल्या नव्हत्या. देवळात हात जोडतानाही मला कधी असं भरून आलेलं नाही.

“तुमचा जवला?” धाकटीने कसंबसं विचारलं.

“त्याचा काय, परत मिलंल. तू त्या मानसाला शब्द दिलेलास ना?”

धाकटी पदराने त्यांचं तोंड पुसायला गेली, तर त्यांनी तिचा हात झटकून टाकला. मग धाकटी माझ्याकडे वळली.

“ताई, दुकानदाराला फोन लावा. सांगा, माल आमच्या दोघींचा हाय.”

मी फोन लावला. तो पलीकडून हॅलो हॅलो करत राहिला, आणि मला काही केल्या आवाज फुटेना.