शिंगाची कमान, बांबूचा कमठा

१९ ऑगस्ट.

आबा गेले. आणि जाण्याआधी दीड दिवस ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.

इतके महिने इथं ब्लॉगवर काही लिहिलं नाही, माफ करा. घरची डायरीसुद्धा कोरीच आहे. आज लिहिल्यावाचून राहवत नाही.

आबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. गाव केदारखेडा. शेवटी मात्र आमच्याकडे, जालन्यात मस्तगडला होते. वय नव्वदीच्या पुढे. कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

डॉक्टरनं पोट तपासताना विचारलं, "आजोबा, दुखतंय का?"

"तू दाबून राह्यला, मंग दुखंल न्हाई तर काय?"

टीव्हीवर आर्चरी लागली की हलायचे नाहीत. "धनुष्याला काय काय लटकवलंय रे यानं? साधी कमान वढून दाखव म्हणावं!"

त्यांच्या तरुणपणी घरात दोन धनुष्यं होती.

एक शिंगाची कमान. कुण्या खापरपणजोबांनी शिपाईगिरीत मिळवलेली. मधे लाकूड, एका अंगाला शिंग, दुसऱ्या अंगाला जनावराच्या शिरा, सगळं सरसानं चिकटवलेलं. आखूड, टोकं पुढं वळलेली. दोरी उतरवली की विंचवाच्या नांगीसारखी उलटी फिरायची.

दुसरा बांबूचा कमठा. पुरुषभर उंच, बेढब.

"कमठा म्हंजे बैल, कमान म्हंजे घोडी," आबा सांगायचे. "कमानीतनं बाण सुटला तरी हाताला कळत न्हाई."

भाऊ दोघं. दादा थोरले, आबा धाकटे. दोघांचाही जीव कमानीवर. घरची रीत अशी, की आधी थोरल्यानं निवडायचं. आणि दादा दर वेळी मुद्दाम कमठा उचलायचे.

"घे रे घोडी, लाडोबा."

आणखी एक रीत होती. मृगापासून दसऱ्यापर्यंत कमान चुलीवरच्या आढ्याला टांगलेली. दसऱ्याआधी तिला दोरी चढवली तर देवी कोपते, असं माझ्या पणजोबांनी, म्हणजे आबांच्या वडिलांनी, दोघांना बजावलेलं. का कोपते, ते कधी सांगितलं नाही.

निजामाच्या राज्यातला तो शेवटचा पावसाळा. गावातली एकुलती एक बंदूक चौकीवर जमा होती. आणि पिसाळलेला लांडगा शिवारात शिरला. माणसं चावली. तेव्हा तो चावणं म्हणजे मरणच.

हे दोघं भाऊ निघाले. बाहेर झड लागलेली.

दादांनी आढ्यावरची कमान काढली.

आबा भडकले. "कमठा घे की तू! दर येळंला घेतो तसा."

"आज मी थोरला हाय. रीत हाय. कमठा तू घे."

"लोकं बघून राह्यले, म्हून कमान पाह्यजे व्हय? हावरट हाईस. बिलकुल हावरट."

दादा हसले.

ओढ्याच्या काठी लांडगा दादांवरच धावून आला. दादांनी कमान ओढली. पावसात भिजून सरस सुटला होता. कमान मक्याच्या कणसासारखी सोलली गेली. बाण पायाशी पडला.

लांडग्यानं मनगट धरलं.

आबांनी कमठ्यानं मारलेल्या पहिल्याच बाणात लांडगा आडवा झाला. पण चावून झालं होतं.

परत येताना दादा म्हणाले, "तुझा बैल बरा निघाला की रे."

त्यानंतर महिनाभर दादा चांगले होते. जेवायचे, चेष्टा करायचे. मग पाण्याची भीती सुरू झाली. पुढचं मी लिहीत नाही.

आबांच्या आयुष्याला एकच प्रश्न चिकटून राहिला.

ओलीत सरस सुटतो, हे दादांना माहीत होतं का?

माहीत होतं, तर त्यांनी भरवशाचा कमठा जाणूनबुजून धाकट्याच्या हातात दिला.

नव्हतं, तर त्यांनाही फक्त एकदा आवडती कमान हवी होती.

"महिना व्हता माझ्याजवळ," आबा म्हणायचे. "इचारायचं तोंड न्हाई झालं. हावरट म्हणल्तो ना त्याला."

परवा त्यांनी माझा हात धरला. "तू कॉलेज शिकलेला. बराबर सांग. त्याला ठावं व्हतं का?"

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं लिहितो. हो म्हणावं, तर भाऊ यांच्यासाठी मेला आणि यांनी त्याला हावरट म्हटलं. एवढं ओझं घेऊन हा माणूस कसा जाईल?

म्हणून म्हणालो, "नाही आबा. बिलकुल माहीत नव्हतं."

त्यांनी उशीवरून मान उचलली.

"मंग फुकटच मेला का रे तो?"

मी घाईघाईनं म्हणालो, "तसं नाही आबा, माहीत असेलही कदाचित…"

"ऱ्हाऊ दे. तुला बी ठावं न्हाई."

त्यांनी हात सोडवून घेतला. तोंड भिंतीकडं केलं. पाणी पाजलं तर प्यायले, पण माझ्याकडं पाहिलं नाही.

मी दोन्ही उत्तरं मनाशी पुन्हा पुन्हा म्हणून बघतोय. दोन्ही खोटी वाटतात. आणि त्याहून वाईट एक शंका येते. मी त्यांचं ओझं हलकं करत होतो, की त्यांच्या रडण्यापासून स्वतःला वाचवत होतो?

"मला माहीत नाही आबा, पण मी इथंच बसतो." एवढं म्हणता आलं असतं. सुचलं नाही. आता कुणाला म्हणू?

घरचे फोनवर सगळ्यांना सांगतायत, "काही त्रास नाही झाला हो, शांत गेले." मी शेजारी उभा असतो.

निघा आबा. तिथं तुमचे दादा भेटतील. माझं काही ऐकू नका.

त्यांनाच विचारा.

उद्या: आबा शेवटचं काय बोलले, ते बाबांना सांगायचं.