गळक्या खोल्यांचं भाडं

डोंबिवलीत माझ्या आठ खोल्या आहेत. छत गळायला लागलं की भाडेकरू एकेक करून दारात येतात, "काका, भाडं कमी करा!" इतकी वर्षं हेच ऐकतोय. आता खोल्या आठ आणि किस्से ढीगभर. स्लॅब माझ्या बापाच्या वेळचा. दुरुस्तीचं नाव कोणी काढू नका.

*

गेल्या पावसात तीन नंबरचा परब आला. पेपरात गुंडाळलेला प्लॅस्टरचा तुकडा टेबलावर ठेवला.

"हे पोरीच्या ताटात पडलं, काका. पाचशे तरी कमी करा."

"पडलं ते माझं आहे. ठेव आणि जा!"

ठेवून गेला.

*

पाच नंबरच्या कुलकर्णी मॅडम बँकेत आहेत. त्या येत नाहीत, व्हिडिओ पाठवतात. सुनेने उघडून दाखवला. पंख्यावरून पाणी टपकत होतं. मी लगेच फोन लावला, "मॅडम, पंखा बंद ठेवा, शॉक लागेल."

"आणि भाडं?"

"ते चालू ठेवा!"

*

सहा नंबरचा आयटीवाला ॲग्रीमेंटच घेऊन आला. बोट ठेवून इंग्रजी वाचायला लागला. मी चौथीत शाळा सोडलेली.

"मराठीत बोल."

"घर राहण्यालायक नसेल तर भाडं नाही, अंकल."

"मग राहतोस कशाला?"

महिन्याभरात कल्याणला गेला. खोली अजून रिकामी आहे. बघायला येतात, वर बघतात, जातात.

*

सून म्हणाली, "बाबा, थोडं कमी करा ना. पाणी खरंच येतं."

"आपल्या डोक्यावर पण तोच स्लॅब आहे. मला कोण कमी करतं?"



*

आठ नंबरचा सावंत मात्र अकरा वर्षांत एकदाही भाडं कमी करा म्हणत आला नाही. एक तारखेला भाड्याचं पाकीट, तक्रार शून्य. बाकीच्यांना मी सांगायचो, "सावंतला बघा!"

ऑगस्टमध्ये त्याच्याच खोलीत स्लॅबचा मोठा तुकडा कोसळला. खाली त्याची बायको झोपलेली. मी धावत गेलो. तीन बादल्या, दोन पातेली, छताखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत प्लास्टिक बांधलेलं. जुनं, पिवळं पडलेलं, मधोमध फाटलेलं.

हॉस्पिटलात गेलो. ती आता उठून चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. सावंत बाहेर बाकावर बसलेला. मी म्हटलं, "यापुढे भाडं देऊ नकोस. पण अरे, एकदा येऊन सांगायचंस तरी!"

त्याने खिशातून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. एक तारीख होती.

"ही रोज म्हणायची, जाऊन सांगा. मीच नाही आलो," तो म्हणाला. "तुम्ही ओरडता ना, काका."