अनाथांच्या मदतीचं तिकीट

ओनोरीन शासान्य फ्रान्समधल्या रोआन गावातल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं कामाला होती. त्या कामात हात इतका मुरला होता, की कागदावरून बोट फिरवलं की हे ठसा दाबून छापलंय का दगडी शिळेवरून सपाट उतरवलंय, ते ती न बघता सांगायची. नवरा ल्युसियाँ रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. त्याला नाद पोस्टाच्या तिकिटांचा, आणि तोही फक्त १९०० ते १९२० मधल्या फ्रेंच तिकिटांचा. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्याने मोठ्या हौसेने नवं आणलेलं एक तिकीट तिच्यापुढे ठेवलं. तिने ते उलटं केलं, बोट फिरवलं आणि म्हणाली, "खोटं आहे."

"हात लावून लगेच खोटं?"

"शाई नुसती वर पसरलीय. ठसा दाबला की शाई रेघेच्या कडेला सरकते, मागे कागद जरासा उचलतो. लाव बोट."

ल्युसियाँ दोन दिवस धुसफुसला. मग ते तिकीट जिथून आणलं होतं तिथे परत देऊन आला. तेव्हापासून तो जमवायचा आणि ती तपासायची.

गावातल्या तिकीटप्रेमींचं एक मंडळ होतं. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी सकाळी, पुलाजवळच्या कॅफेच्या माडीवर ते जमत. ओनोरीन कधी आली नाही, तर गोनाँ खाटीक ओरडायचा, "काय रे ल्युसियाँ, आज डोळे घरी विसरलास वाटतं?"

१९७४ च्या मार्चमध्ये ल्युसियाँ छातीच्या दुखण्याने गेला. चार महिने अंथरुणावर होता. दफनाच्या दिवसाचं ओनोरीनला एवढंच आठवायचं, की डाव्या पायातला बूट चावत होता. लोक म्हणाले, हळूहळू रडू येईल, मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. ती भाजी आणायची, चव न कळता जेवायची, खिडक्या पुसायची, आणि मंडळाचा रविवार आला की तिथे जायची. लोक बोलायचे ते तिला शेजारच्या खोलीतून यावं तसं ऐकू यायचं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या बैठकीत माडीवर जरा जास्तच गर्दी होती. प्रकरण जुने सभासद दुफ्रेस मास्तर यांचं होतं. मंडळात वह्या फिरवायची पद्धत होती. आपल्याकडची जादा तिकिटं वहीत लावायची, खाली किंमत लिहायची, आणि वही एका घरातून दुसऱ्या घरी जायची. ज्याला जे हवं ते त्याने काढून घ्यावं आणि रिकाम्या चौकोनात सही करावी. मास्तरांच्या वहीतून शेजारच्या गावच्या एका औषधवाल्याने पहिल्या महायुद्धातल्या अनाथांच्या मदतीसाठी निघालेलं पाच फ्रँकचं तिकीट घेतलं होतं. काळ्या-निळ्या रंगाचं, त्या सगळ्या मालिकेतलं सगळ्यात दुर्मीळ. ते खोटं निघालं. मास्तरांनी काही न बोलता पैसे परत केले, पण औषधवाल्याने मंडळाला रागाचं पत्र लिहिलं.

अध्यक्ष पेराशों यांनी पत्र वाचून दाखवलं आणि घसा साफ केला. "मास्तर, नियम तुम्हाला ठाऊक आहे. जाणूनबुजून खोटं विकलं तर नाव कमी करावं लागतं. तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही," दुफ्रेस मास्तर म्हणाले. सत्तरी ओलांडलेला माणूस, टोपी मांडीवर धरून बसलेला.

"अहो, काहीतरी बोला की!" गोनाँ म्हणाला. "निदान चुकून लागलं म्हणा, आम्ही मान डोलावतो!"

"चुकून नाही लागलं. वहीत लावलं तेव्हा खरंच होतं. यापुढे मला विचारू नका."

पेराशों यांनी मतदान घ्यायचं ठरवलं. त्याआधी रिवाज म्हणून तिकीट ओनोरीनकडे सरकवलं. तिने चिमट्याने उचललं. शाई सपाट. शिळेवरचं, चांगल्या हाताचं काम. मग ते उलटं करून तिने खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. पाठीवरचा डिंक कोपऱ्यात खरवडला गेला होता आणि तिथे पेन्सिल खोडलेली होती. पण खोडलं तरी दाब राहतोच. तिथे F हे अक्षर होतं, 'खोटं' या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचं आद्याक्षर, त्यातली आडवी रेघ वर चढत गेलेली. अशी रेघ फक्त ल्युसियाँ काढायचा. नव्या सभासदांना शिकवायला त्याने एका डब्यात खोटी तिकिटं ठेवली होती आणि प्रत्येकाच्या पाठीवर हेच अक्षर लिहिलं होतं.

"हे आमच्या घरचं आहे," ओनोरीन म्हणाली.

पेराशों यांनी हातातलं पत्र खाली ठेवलं.

"वही फेब्रुवारीत आमच्याकडे होती. ल्युसियाँने बदललं असणार. मी घरी जाऊन बघून येते. मतदान थांबवा."

ती उठली, कोट चढवला आणि जिना उतरली. पुलावर पोचते तोवर दुफ्रेस मास्तर धापा टाकत मागून आले.

"बाई, थांबा. हे कशाला केलंत?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"औषधवाल्याने परत केलं त्याच दिवशी कळलं. ते खोटं तिकीट ल्युसियाँच्या डब्यासाठी मीच दिलं होतं, बारा वर्षांपूर्वी. ओळखणार नाही का?"

"मग बोलला का नाहीत?"

"गेलेल्या माणसाचं काय सांगायचं? आणि तुम्ही एकट्या. मी म्हातारा. मंडळ नाही तर नाही, घरी बसलो असतो."

"मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तुम्ही हेच केलं असतं," मास्तर चिडून म्हणाले, आणि तिच्या बाजूने चालू लागले.

घरी डब्यात त्या तिकिटाची जागा रिकामी होती. खरं तिकीट अल्बममध्ये नव्हतं, टेबलाच्या खणातही नव्हतं. शेवटी ते ल्युसियाँच्या चष्म्याच्या घरात सापडलं, काचा पुसायच्या फडक्याखाली, पातळ पाकिटात. तिने पाठीवरून बोट फिरवलं. कागद जरासा उचललेला होता.

"चाळीस वर्षं त्याला हे परवडलं नाही," मास्तर दारातच उभे राहून म्हणाले. "दर प्रदर्शनात माझ्या तिकिटासमोर येऊन उभा राहायचा. मी एकदा देऊनच टाकायला हवं होतं."

"त्याने घेतलं नसतं."

"नसतं घेतलं," मास्तर म्हणाले.

ओनोरीनला वाटलं, आता काहीतरी होईल. राग येईल, निदान लाज वाटेल. तिने जरा वाट पाहिली. मग पाकीट मास्तरांच्या हातात दिलं आणि दाराला कुलूप लावलं.

माडीवर तिने सगळं तीन वाक्यांत सांगितलं. पेराशों यांनी मास्तरांची माफी मागितली आणि तसं इतिवृत्तात लिहून घेतलं. एक बाई कुजबुजल्या, "नवऱ्याचं असं चारचौघांत... माझी तर जीभ रेटली नसती." ओनोरीनला ते ऐकू आलं. गोनाँ मात्र मोठ्यानेच बोलला. "हे बघा, राग मानू नका, पण वीस वर्षं आमच्या सगळ्यांच्या वह्या ल्युसियाँच्या हातून गेल्यात. अजून काय काय बदललं असेल, कुणाला माहीत?"

"आणा सगळं," ती म्हणाली. "मी बघते."

त्या हिवाळ्यात माडीवरच्या खिडकीपाशी तिचं टेबल लागलं. सभासद अल्बम आणत आणि शेजारी खुर्ची ओढून बसत, काही अवघडून, काही संशयाने तिच्या बोटांकडे बघत. ती एकेक तिकीट उचलायची, कडेचे दाते मोजायची, उजेडात धरायची, पाठीवरून बोट फिरवायची. नोव्हेंबरात, सर्वसंतांच्या म्हणजे कबरींवर फुलं ठेवायच्या सणानंतरच्या रविवारी ती ल्युसियाँच्या कबरीवर शेवंतीची कुंडी ठेवून आली, तेवढी एक बैठक चुकली. मास्तर येऊन समोर बसत, वर्तमानपत्र वाचत. त्या दिवसाबद्दल दोघं पुन्हा बोलली नाहीत.

शेवटचा अल्बम गोनाँचा होता, जानेवारीच्या अखेरीस. त्यात दोन खोटी निघाली, पण ती ल्युसियाँच्या डब्यातली नव्हती. गोनाँने स्वतःच कुठल्याशा बाजारात हौसेने घेतलेली. एकूण अकरा अल्बम झाले. ल्युसियाँने बदललेलं दुसरं एकही तिकीट सापडलं नाही.

"म्हणजे फक्त तेवढं एकच?" गोनाँने विचारलं.

"एकच."

तो कानापर्यंत लाल झाला. खाली गेला, गाडीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला आणि तिच्या पिशवीपाशी ठेवलं. "सॉसेज आहेत. घरचे. मी जास्तच बोललो होतो तेव्हा."

"तुमचं बरोबरच होतं. तपासायलाच हवं होतं."

"तरी पण घ्या."

तिने घेतले. घरी येऊन मसूर शिजत टाकले, त्यात दोन सॉसेज सोडले. खिडकीबाहेर नदीवर धुकं होतं. शिजल्यावर तिने ओट्याशी उभ्यानेच निम्मं खाल्लं. चव लागली, मीठ जरा कमी होतं. उरलेलं तिने उद्यासाठी झाकून ठेवलं.