होडीला दक्षिण नसते

वऱ्हाडात शिडाची होडी बाळगणारी बाई डोक्यानं जरा सरकलेली असणार, हे माझ्याबद्दलचं मत अकोल्यापासून चांदूर रेल्वेपर्यंत पक्कं झालेलं आहे. असू द्या. आयटीआयमध्ये उभी नोकरी पोरांना वायरिंग शिकवण्यात घालवली, आईचं आजारपण काढलं, भावाच्या मुलींच्या लग्नात रात्रंदिवस राबले. निवृत्त झाल्यावर एक गोष्ट निव्वळ स्वतःच्या हौसेसाठी केली. कोकणातून जुनी लाकडी होडी ट्रकमध्ये घालून आणली, परवानग्यांसाठी चपला झिजवल्या आणि अकोल्याजवळच्या धरणात ती सोडली.

लाकडी होडीचं दुखणं असं, की बाहेर काढून ठेवली तर लाकूड वाळून फटी उघडतात, आणि पाण्यात ठेवली तर थोडं थोडं पाणी आत झिरपतच राहतं. म्हणून तिच्या तळाशी एक छोटा पंप बसवला आहे. पाणी चढलं की तो आपोआप सुरू होतो आणि ते बाहेर फेकतो. पंप चालतो बॅटरीवर, आणि मी धरणावर जाते आठवड्यातून एकदा. मधले दिवस बॅटरी भरत राहायला सोलर प्लेट हवी. ती चुकली तर होडी बुडणार, इतका साधा हिशेब होता.

जठारपेठेतल्या दुकानात मी दादाला सोबत नेलं, ही पहिली चूक. माझा हा थोरला भाऊ चांदूर रेल्वेला शेती करतो आणि त्याच्या वावरात सोलर पंप आहे. प्रश्न मी विचारायचे, दुकानदार उत्तर दादाकडे बघून द्यायचा. शेवटी दादानंच निकाल लावला.

"एकच घे, मोठी घे. दक्षिणेकडं तोंड करून पक्की ठोकून टाकू. माह्या वावरात पाच सालापासून हालली नाई."

आणि मी मान डोलावली. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की सोलरचं तोंड दक्षिणेला. मी स्वतः ते फळ्यावर लिहून दिलेलं. हिवाळ्याचे दिवस होते, वारा उत्तरेचा. नांगर टाकलेली होडी वाऱ्याकडे नाक करून उभी राहते, म्हणजे तिची मागची बाजू बरोबर दक्षिणेला. तिथे लोखंडी अँगल मारून ती भलीमोठी काचेची प्लेट आम्ही तिरपी बसवली. दादा लांबून बघून म्हणाला, "एक नंबर."

जानेवारीत वारा फिरून दक्षिणेचा झाला. होडीही फिरली, आणि प्लेटचं तोंड गेलं उत्तरेला. वर डोलकाठीची सावली दुपारभर तिच्यावर पडून राहिली. वावरात आडवं येणारं झाड छाटता येतं. डोलकाठी छाटून शीड कशाला बांधू? चौथ्या दिवशी धरणावर मासे धरणाऱ्या भोईकाकांचा फोन आला. "बाई, लवकर या. होडी बसून राह्यली पाण्यात."

पोचले तेव्हा आतली फळकुटं तरंगत होती. काका आणि मी बादल्यांनी पाणी उपसलं. हात भरून आले, पण त्याहून लाज जास्त वाटत होती. वीज शिकवणारी बाई, आणि पाण्यावर दिशा धरून बसली!

दादा संध्याकाळी आला तो गिऱ्हाईक शोधूनच. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला होडी दारात उभी करायची होती.

"फुलझाडं लावते म्हणे तिच्यात. लोकं फोटो काढतीन. इकून टाक बाई, कावून जीवाले घोर लावून घेतं?"

माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर सगळ्यांच्या सोयीनं वागले ते काय माझ्या होडीत झेंडूची रोपं बघायला? मी त्याला म्हटलं, पंधरा दिवस दे, तेवढ्यात होडी पुन्हा बसली तर विकते. तो म्हणाला, "दिले. मंग नाई म्हनाचं नाई."

दुसऱ्या दिवशी दुकानात एकटी गेले. मोठी प्लेट परत घ्या, दोन लहान द्या, म्हटलं. एक डाव्या अंगाला, एक उजव्या, दोन्ही सपाट आडव्या, आणि दोघींचं चार्जिंग वेगवेगळं. एकीवर सावली पडली तर दुसरीनं कमवावं.

दुकानदारानं सवयीनं माझ्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मॅडम, सपाट ठेवली तं वीज कमी येईन."

"कमी येईल, पण होडी कुठेही वळली तरी येईल."

"धूळ बसन."

"पुसेन. तुम्ही बिल करा."

प्लेटा बसवल्या आणि मुद्दाम धरणाकडे फिरकले नाही. मी रोज जाऊन राखण करायची असेल तर पंप हवाच कशाला? त्या दिवसांत वारा पुन्हा दक्षिणेचा झाला. जठारपेठेतल्या माझ्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या उत्तरेकडे फडफडताना दिसल्या की तिकडे होडीही फिरली असणार, हे कळायचं. भोईकाकांना फोन करायला हात शिवशिवायचा. केला नाही.

पंधराव्या दिवशी दादाला घेऊन गेले. होडी पाण्यावर होती, नाक दक्षिणेला. दादा होडीच्या कडेला धरून आत चढला, वाकून तळ पाहिला, बोटानं चाचपला. तेवढ्यात पंप घुरघुरला आणि बाजूच्या भोकातून पाण्याची धार बाहेर पडली. बॅटरी भरलेली होती. दादानं दोन्ही प्लेटा पाहिल्या, मग वर सूर्य पाहिला.

त्याच्या खिशातला फोन वाजला. हॉटेलवाला होता.

"त्याले काय सांगू आता?"

"सांग, दारात उभं राह्याले तिले सवड नाई," मी म्हटलं आणि शिडाची दोरी सोडायला घेतली.

दादानं घसा खाकरला आणि फोनवर शब्दन् शब्द तेच सांगितलं.