जाऊबाईंच्या हाती बोंबील

सूड उगवायला निघालेल्या बाईकडे निदान स्वतःची गाडी असावी. माझ्याकडे नव्हती. त्यामुळे ज्या जाऊबाईंवर सूड उगवायचा, त्यांच्याच गाडीत बसून मी मढच्या समुद्रावर निघाले. त्या स्वतः गाडी चालवतात, हाही माझा एक जुना राग आहेच. पुढे त्यांच्या शेजारी मुलीची कॅमेरावाली मैत्रीण. मागे मी, साडी नेसलेली माझी मुलगी आणि टोपलीत आमचा बोका.

रागाचं खरं कारण सांगते. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाची, म्हणजे माझ्या पुतण्याची, बारावी संपली, तेव्हा त्यांनी मढलाच एक बंगला भाड्याने घेऊन त्याचे फोटो काढले. हिरवळीवर तो ब्लेझर घालून उभा, शेजारी त्यांचा केसाळ सोनेरी कुत्रा. माझी मुलगी नवा ड्रेस घालून गेली होती. आपलाही एखादा फोटो निघेल, असं तिला वाटलं असणार. जाऊबाई म्हणाल्या, "तू मध्ये नको गं येऊस, फ्रेम बिघडते. असं कर, कॅमेऱ्यामागे बिस्किट धरून बस, म्हणजे कुत्रा इकडे बघेल."

ऊन डोक्यावर येईपर्यंत पोरगी उकिडवी बसून होती. घरी येऊन तिने ड्रेस घडी घालून ठेवून दिला. मी मात्र त्यानंतर वर्षभर भांडी घासताना दुसरा कसलाही विचार केला नाही. त्या भरात कपबशा फुटल्या, त्याही त्यांच्यामुळेच.

यंदा मुलीचा सेंडऑफ झाला. सेंडऑफच्याच साडीत तिला बोक्याबरोबर समुद्रावर फोटो हवा होता. बोका आमचा मीटरबॉक्सखाली सापडलेला, कान अर्धा तुटलेला, कॅमेरा दिसला की पाठ फिरवणारा. तो टक लावून बघतो फक्त सुक्या बोंबलाकडे. म्हणजे कॅमेऱ्यामागे कुणीतरी बोंबील धरून बसायला हवं. हे सुचलं आणि स्वयंपाकघरात मला एकटीलाच हसू फुटलं.

जाऊबाईंचं माहेर मालवणचं. पण अंधेरीच्या टॉवरमध्ये गेल्यापासून त्यांच्या घरात सुकं येत नाही. "शेजारचे नाकं मुरडतात गं," असं सांगताना त्या स्वतःचंही मुरडतात.

मी फोन केला. "वहिनी, तुम्हाला या फोटोंचा अनुभव आहे. तुमच्याशिवाय कसं जमणार?"

"ते खरंच. मीच येते गाडी घेऊन."

मढला कोळणीकडे मी एकेक बोंबील निवडून घेत होते. ती म्हणाली, "मांजरासाठी एवढं निवडतेस? मग नवऱ्याला काय घालतेस गं?"

किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीच्या काठावर मुलगी बसली, मांडीवर बोका. मी पुडी जाऊबाईंच्या हातात दिली. "वहिनी, तुम्ही इथे बसा. अजून खाली."

"अगं, ड्रेसला वास लागेल."

"मग हात लांब धरा."

"आई!" मुलीने डोळे वटारले. "काकी उभी राहिली तरी चालेल."

"नाही चालणार. मांजराची नजर खालीच असते," मी ठोकून दिलं.

बोका बोंबलाकडे असा बघत राहिला की पुतण्याच्या कुत्र्याने शिकवणी लावावी. मुलगी झकास हसली, फोटो निघाले. मी बघत होते जाऊबाईंकडे. त्यांचे गुडघे कुरकुरले, तेव्हा मी वर्षभर जपून ठेवलेलं वाक्य काढलं. "वहिनी, तुमची सावली पडतेय. फ्रेम बिघडते."

"हो का? सॉरी गं," म्हणत त्या बाजूला सरकल्या. त्यांना काही म्हणजे काही आठवलं नव्हतं! माझी अख्ख्या वर्षाची तयारी समुद्रात गेली.

मुली टोपली आवरायला लागल्या, तशा जाऊबाई मला होडीच्या आड घेऊन गेल्या. सारखा स्वतःच्याच हाताचा वास घेत होत्या. मला वाटलं, किळस.

"उरलेत ना गं ते? मी नेऊ? घरात कुणाला सांगू नकोस." मग आवाज एकदम माहेरी गेला. "निखाऱ्यार भाजलेलो बोंबील खाऊन किती वर्सां झाली गो..."

माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. उरलेले रात्री भाजायचे, हा माझाही बेत होताच. एखाद्या चांगल्या बाईने अख्खी पुडी देऊन टाकली असती.

"नको वहिनी," मी म्हटलं, "ते बोक्याचे आहेत."

बोलून बसले म्हटल्यावर पाळणं आलं. परतताना मागच्या सीटवर मी त्याला एकेक बोंबील भरवत गेले. तो कुडुमकुडुम आवाज करत खात होता, गाडीभर वास दरवळत होता. "आई, तू फार वाईट आहेस," मुलगी माझ्या कानात म्हणाली. शेवटचा बोंबील देताना माझा हात जरा अडखळला, पण दिला.

आरशात जाऊबाईंचे डोळे दिसत होते.

"पुढे बघा वहिनी," मी म्हटलं, "सिग्नल आहे."