बुडालेल्या गाडीरस्त्यावरून, शिडाच्या होडीने

मे महिन्यात धरणाचं पाणी इतकं मागे सरतं की काठ आणि पाणी यांच्यामध्ये गुडघाभर चिखलाचा पट्टा उरतो. रामनगरच्या खाली, पांढरी नदीच्या फाट्यावर त्या चिखलातून होडी ढकलताना माझी एक चप्पल जी रुतली ती रुतलीच. शेवंताआक्का काठावर उभी राहून म्हणाली, "जाऊ दे की गं. पाण्यात चपला कशाला लागत्यात?" आणि साडी खोचून ती माझ्या आधी होडीत जाऊन बसली.

आक्का ही बेळगावच्या माझ्या शेजारणीची मावशी. वय पासष्टीच्या घरात, राहणं रामनगरला. तिचं माहेर काळी नदीकाठचं एक लहानसं गाव. धरण भरलं तेव्हा गाव उठून रामनगरला आलं आणि गावदेवीची मूर्तीही आली. देवळाच्या दारातला पाषाण मात्र तिथेच राहिला. ह्या गावची रीत अशी, की लग्न होऊन गेलेल्या लेकी ओटी भरतात ती मूर्तीची नाही, त्या पाषाणाची. आक्काचं लग्न धरण भरायच्या आदल्या वर्षी झालं. तिची पहिली ओटी राहून गेली ती आजवर. यंदा पाणी फार उतरलं आणि पाषाण उघडा पडल्याची बातमी काळीकाठच्या कुंभारवाडा गावाकडून आली. चिखलामुळे चालत जाता येत नाही. माझी शिडाची होडी आहे हे कळल्यावर आक्काने शेजारणीकरवी निरोप धाडला. परवानगीचे कागद मिळवण्यात तीन आठवडे गेले. वळवाचे दोनतीन पाऊस झाले की पाषाण पुन्हा बुडणार होता.

मी वीस वर्षं कारवार-मालवणच्या समुद्रात शीड हाकते, इतरांना शिकवतेही. एका तलावाचं काय एवढं, असं मला वाटत होतं, आणि ते मी आक्काला बोलूनही दाखवलं. पहिला दिवस माझ्या फुशारकीला खतपाणी घालणाराच निघाला. दुपारी पश्चिमेचा वारा पाठीशी आला, शीड भरलं आणि दोन्ही काठांची झाडी भराभर मागे पळू लागली. आक्काने तांदळाची भाकरी आणि फणसाची सुकी भाजी काढली. भिरंडांचं (रातांब्यांचं) सरबत बाटलीतून प्यायलो. उन्हं कलायच्या आत आम्ही फाट्याच्या तोंडाशी पोचून मुक्काम केला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

दुसऱ्या सकाळी रुंद पाण्यात आलो. आक्का एकदम ताठ बसली. डावीकडची टेकडी, समोरचा डोंगर, असं निरखत तिने हात जोडले.

"इथं खाली बुडालेलं सुपं गाव. आमचा बाजार हितंच भरायचा. आता गाडीरस्ता लागला. उजवीकडं घे."

लहानपणी दर बाजाराला ती बापाबरोबर बैलगाडीतून ह्या रस्त्याने यायची. बापाला डुलकी लागली की कासरा हिच्या हाती. आता ती मला पाण्यावरून तोच रस्ता सांगू लागली. ही चढण, हा व्हाळ (ओढा), इथे वळण. मला गंमत वाटली, पण थोडा वेळच. कारण पुढे रस्ता म्हणे टेकडीला मोठा वळसा घालून जात होता, आणि माझ्यासमोर सरळ, मोकळं पाणी पसरलेलं होतं. वाराही सकाळचा, पाठीमागून. मी सुकाणू सरळ धरलं.

"कुठं नेऊलालीस? रस्ता तिकडनं हाय."

"आक्का, पाण्यात कसला आलाय रस्ता?"

उत्तर खालून आलं. धाड्‌कन आवाज झाला, होडी जागच्या जागी गरकन फिरली आणि मी तोंडावर आपटले. पाण्याखाली हातभर अंतरावर बुडालेल्या सागाचा बुंधा होता. एक नाही, चहूकडे तेच. सुकाणूची फळी उभी चिरली होती. वल्ह्याने ढकलत बाहेर पडायला तास गेला. आक्काने दुसरं वल्हं धरलं. बाहेर पडल्यावर म्हणाली, "रस्त्यात झाडं असत्यात व्हय गं? रान बुडलं, तशी झाडं उभीच ऱ्हायली. रस्ता तेवढा मोकळा."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू! ज्ञान पाजळत होते आणि साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती. मी चिरलेली फळी दोरीने आवळली, आक्काला पुढे बसवलं आणि म्हटलं, "आता तुम्ही सांगाल तसं." त्यानंतर तिने हात डावीकडे केला की होडी डावीकडे, उजवीकडे केला की उजवीकडे. एकदाही तळाला काही लागलं नाही.

दुपारी पूर्वेकडून आभाळ काळं होत आलं. वारा आधी पडला, मग उलटा फिरला, मग अंगावरच आला. मी शीड अर्धं गुंडाळलं, तरी होडी कलंडायला लागली. तेव्हा पूर्णच उतरवलं. "थांबायची जागा कुठं?" मी ओरडले. आक्काने बोट दाखवलं. टेकडीच्या पोटात एक खाच होती. वळिवात गाड्या तिथेच थांबवायचे, वारा लागत नाही म्हणून. दोघींनी वल्ही मारली. आत शिरलो आणि वारा जणू दाराबाहेर राहिला. गारांचा मारा अर्धा तास चालला. आक्काने ओटीचं गाठोडं पदराखाली घेतलं होतं. ती स्वतः चिंब भिजली, गाठोडं कोरडं राहिलं.

संध्याकाळी कुंभारवाड्याच्या बाजूच्या एका घरी आसरा मिळाला. घरधनी भाताचा शेतकरी. त्याने गरम पेज आणि सुकी मासळी वाढली, आणि बातमीही.

"परवा पाषाण कमरेएवढा वर होता, आक्का. पर वरच्या रानात लई पाऊस झाला. पाणी चढलंय. सांजच्याला बघितला तर न्हाईच दिसला."

आक्काने ताटातला हात काढून घेतला. मी कसनुसं म्हटलं, "पुढच्या वर्षी…" ती म्हणाली, "चाळीस वर्सं पुढचंच वर्स चाललंय गं."

तिसऱ्या सकाळी वाऱ्याचा पत्ता नव्हता. मी तीन तास वल्ही मारली, तळहाताला फोड आले. मग आक्का म्हणाली, "थांब. हे आमचं गाव."

समोर नुसतं गढूळ पाणी. तिने दोन डोंगरांच्या मधली घळ डोळ्यांपुढे धरली आणि घरं मोजायला लागली. हे अमक्याचं, हा गोठा, ही विहीर, तिच्यापासून दूर राहा. "आता देऊळ." नेमका तेव्हाच पश्चिमेचा वारा उठला आणि होडीला मागे लोटू लागला. इथे मात्र माझी विद्या कामाची होती. शीड चढवून लांबचा वळसा घेतला, वाऱ्याला तोंड देत आले आणि शीड सैल सोडलं, म्हणजे होडी नेमकी तिथे थबकेल. पहिल्या खेपेला पुढे गेले. दुसऱ्या खेपेला अलीकडे राहिले. तिसऱ्या खेपेला होडी थांबली. आक्का पालथी पडली, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि किंचाळली.

"हाय! हाय गं! धरलाय मी! सोड तू, मी धरलाय!"

माझ्या होडीचा नांगर म्हणजे आता आक्काचा हात होता. दुसऱ्या हाताने तिने हिरव्या खणात बांधलेली ओटी खाली नेऊन पाषाणाच्या खाचेत घट्ट बसवली. गाऱ्हाणं घातलं ते मोठ्याने, आणि रडत. "आई, उशीर झाला. कुणाचीच चूक न्हाई. घे."

तेवढ्यात गाठ सुटली असावी. तांदूळ, सुपारी, खण खालीच राहिले आणि नारळ टपकन वर आला, होडीशेजारी तरंगू लागला. मी तो पुन्हा खाली ढकलायला वाकले. पण आक्का ओल्या तोंडाने खदखदून हसत होती. ओटी भरली की देवी त्यातलं थोडं लेकीला परत देते, हे मीही जाणते. इथे पुजारी नव्हता, त्यामुळे देवीने स्वतःच दिलं. आक्काने नारळ उचलून कपाळाला लावला. मीही रडले, आणि आनंदाने आरोळी ठोकली. डोंगराने ती परत पाठवली.

परतायला दोन दिवस लागले. काळीवर वारा पाठीशी, पांढरीवर तोंडावर. बांधलेलं सुकाणू टिकलं. रामनगरला आक्काच्या अंगणात त्या गावच्या सगळ्या लेकी जमल्या. नारळ फोडून तिने तुकडे वाटले. त्यांतली सगळ्यांत म्हातारी, दात नसलेली, खोबरं नुसतंच हातात धरून विचारत होती, "आमच्या दारावरनं गेलात न्हवं?"

"गेलो की," आक्का म्हणाली. "हळू गेलो."

म्हातारी मान हलवत राहिली. समुद्रात दिशा होकायंत्राने कळते, असं मी इतकी वर्षं शिकवत आले. आता शिकवताना आवाज थोडा खाली येईल.

सकाळी होडी गाडीवर चढवायला काठावर गेले, तर चिखलातून पावलांच्या रांगा गेलेल्या. ती म्हातारी आणि आणखी दोघी ओट्या मांडीवर घेऊन होडीत बसल्या होत्या.

"चल की," म्हातारी म्हणाली. "माझा रस्ता आक्काच्या रस्त्यापेक्षा जवळचा हाय."